करंगळीच्या मापाची गोळी

तुम्हाला म्हणून सांगतो, भोकांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. आमच्या कारखान्यात नळांचे सुटे भाग बनतात आणि बाहेर पडण्याआधी ते माझ्या टेबलावरून जातात. मी मान डोलावली तर खोक्यात, नाही डोलावली तर पुन्हा भट्टीत. मापं घ्यायची चकचकीत उपकरणं माझ्या टेबलावर मांडलेली आहेत, पण ती शोभेला. भोकात करंगळी घातली की मला माप कळतं. आमचे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम माझ्या टेबलाशी आणतात आणि सांगतात, "यांची करंगळी म्हणजे आमचं सगळ्यात भरवशाचं यंत्र." पाहुणे करंगळीकडे बघतात. मी ती जरा वर धरतो.

त्यामुळे सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरला कुठल्या मापाची गोळी लागते हे शोधायची वेळ आली, तेव्हा तो विडा मी उचलणार हे उघड होतं. मला कोणी उचल म्हटलं नव्हतं, हा भाग वेगळा.

हे रिव्हॉल्व्हर सासऱ्यांच्या वडिलांचं. ते सैन्यात होते. लढाईवरून परत आले ते एक लंगडा पाय आणि एक रिव्हॉल्व्हर घेऊन. पाय त्यांच्याबरोबर गेला, रिव्हॉल्व्हर मागे राहिलं. सासऱ्यांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळून ते वर्षानुवर्षं पडून होतं. गोळी मात्र घरात एकही नव्हती.

मध्यंतरी पोलिसांनी जाहीर केलं की ज्यांच्या घरात जुनी हत्यारं असतील त्यांनी ती येऊन दाखवावीत. नियम असा होता: त्या हत्याराला लागणारी गोळी आजही कुठे बनत असेल तर ते चालू हत्यार समजायचं. मग परवाना नसला की ते जमा करायचं, आणि तिथून ते थेट वितळवायला जाणार. पण त्या मापाची गोळी बनायचीच बंद झाली असेल तर ती झाली पुराणवस्तू, खुशाल घरात ठेवा. म्हणजे सगळं घोडं गोळीच्या मापावर अडलेलं.

ठरवायला म्हणून शनिवारी दुपारी आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो. सगळे म्हणजे मी, बायको, सासू-सासरे आणि माझे साडू. साडू दातांचे डॉक्टर आहेत. माणूस चांगला आहे, पण प्रत्येक गोष्टीत त्यांना आधी माहीत असतं, आणि ते सांगतानाही असे वाकून सांगतात की आपला जबडा आपोआप उघडतो.

रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं होतं. काळंशार, जड, मुठीवर चिरा पडलेलं. सासरे खुर्चीत मागे टेकून बसले होते. ते पोस्टातून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली म्हणून की काय, स्वतःचं म्हणणं ते क्वचितच कोणापर्यंत पोचवतात.

"मुठीवर अकरा कोरलंय," साडू म्हणाले. "म्हणजे अकरा मिलिमीटर. संपला विषय."

"डॉक्टर, तो सैन्यात बंदुका ठेवायच्या घोडीवरच्या जागेचा नंबर असणार," मी म्हणालो. "आमच्या कारखान्यात माझ्या कपाटावर सदतीस लिहिलंय. म्हणून काय माझं कपाट सदतीस मिलिमीटरचं झालं?"

साडूंनी फोनवर शोधलं. फोनने आधी तीन वेगवेगळी मापं सांगितली आणि मग डोकेदुखीवरच्या गोळ्यांची जाहिरात दाखवली. सासूबाईंनी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. टेपने नळीच्या तोंडाचं एक माप आलं, आतल्या भोकाचं दुसरंच.

"नळी आणि गोळीचं घर, दोन्हीचं माप सारखं नसतंच," साडू म्हणाले. "साचा घ्यावा लागेल. दाताचं माप घ्यायची पेस्ट असते माझ्याकडे. भोकात भरली, घट्ट झाली, बाहेर काढली, की गोळी जशी असायला हवी तसा हुबेहूब आकार मिळतो. उद्या घेऊन येतो. आता दवाखाना उघडायची वेळ झाली."

आणि ते गेले. मला ते 'हुबेहूब' फार लागलं. म्हणजे उद्या हे गुलाबी पेस्ट घेऊन येणार, माप काढणार, आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणाच्या वेळी आम्ही ते ऐकणार. थोरल्या जावयाने सासऱ्यांच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर वाचवलं आणि धाकटा जावई टेप धरून उभा होता.

"बाबा," मी सासऱ्यांना म्हणालो, "उद्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही. माप मी आत्ता सांगतो."

"राहू दे हो," बायको म्हणाली. "डॉक्टर आणतायत ना पेस्ट."

"पेस्ट कशाला? ही काय आहे?" मी करंगळी वर धरली.

हे रिव्हॉल्व्हर मधोमध बिजागरीवर उघडतं. वरची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी खाली झुकते आणि गोल चक्र समोर येतं. त्या चक्रात गोळ्यांची घरं असतात. मी खिट्टी दाबली, नळी झुकवली, सगळी घरं रिकामी आहेत हे सगळ्यांना दाखवलं, आणि डोळे मिटून एका घरात करंगळी घातली. डोळे मिटायची गरज नसते, पण साहेब पाहुण्यांना आणतात तेव्हा मी मिटतो.

करंगळी पेरापर्यंत सहज गेली. मग जरा रेटली. मग आणखी जरा.

"झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"किती आहे माप?"

"माझ्या करंगळीएवढं."

"मग काढा की बाहेर."

"काढतो."

मी डोळे उघडले. करंगळी फिरवून पाहिली. करंगळी फिरली नाही, रिव्हॉल्व्हर फिरलं. ओढून पाहिलं. करंगळीच्या पेराने आत जाताना जी माया दाखवली होती ती बाहेर येताना साफ आटली होती. मी हात वर केला तर नळी एका बाजूला आणि मूठ दुसऱ्या बाजूला लोंबायला लागली. हाताला वटवाघूळ लटकावं तसं दिसत होतं.

बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की शब्द वाचतात.

मग सुरू झाले उपाय. साबण झाला, खोबरेल तेल झालं, थंड पाणी झालं. बायकोने मूठ धरली, मी दाराची चौकट धरली, आणि आम्ही विरुद्ध दिशांना जोर केला. चौकट हलली. बोट सुजायला लागलं आणि जांभळं पडायला लागलं, वांग्यासारखं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे करंगळीपेक्षा रिव्हॉल्व्हर जड झालं होतं, आणि तेही शब्दशः.

"ओढा चांगलं," सासूबाई म्हणाल्या. "मोडलं तर मोडलं."

"आई, बोट आहे ते," बायको म्हणाली.

"अगं, मी त्या दुसऱ्याबद्दल म्हणतेय."

तेवढ्यात सासरे उठून आत गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. मी मुकाट्याने करंगळीकडे बघितलं.

"बोट नाही हो," सासरे म्हणाले. "रिव्हॉल्व्हर. चक्राचं लोखंड जुनं आहे, कापलं जाईल. दोन तुकडे झाले तरी हरकत नाही."

मला भरून आलं. स्वतःच्या वडिलांची एकुलती एक आठवण हा माणूस माझ्या करंगळीसाठी कापायला निघाला होता. अशा वेळी जावयाने लहान होऊन चालत नाही.

"नाही बाबा," मी म्हणालो. "ही तुमच्या वडिलांची वस्तू आहे. माझं बोट गेलं तरी बेहत्तर, पण हिला करवत लागणार नाही."

"बेहत्तर काय बेहत्तर," बायको म्हणाली. "त्या बोटावर आपलं घर चालतं."

हे खरं होतं. त्या बोटावरच साहेबांचा विश्वास होता. सूज उतरून ते पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही तर मी कारखान्यात नुसताच माणूस उरणार होतो. तरीही मी नकाराची मान हलवली. सासरे करवत हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. "बघा, पुन्हा विचार करा," एवढंच म्हणाले आणि करवत ठेवायला आत गेले. त्यांचा चेहरा पडलेला होता. मला वाटलं, भारावले असणार.

आता डॉक्टरकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि हाताशी असलेला एकच डॉक्टर दातांचा होता. बायकोने निघता निघता साडूंच्या दवाखान्यात फोन लावला. फोन घेतला तिथल्या स्वागतिकेने.

"डॉक्टरांना सांगा, ह्यांचं बोट अडकलंय," बायको म्हणाली. "बाबांची गोळी असते ना, तिच्या जागेत."

"बाबांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?" स्वागतिकेने विचारलं.

"अहो, खायची नाही. घालायची गोळी."

पलीकडून फोन बंद झाला.

हातावर उशीचा अभ्रा चढवून मी बायकोच्या स्कूटरवर मागे बसलो. अभ्र्यावर निळी फुलं होती. अभ्र्याच्या आत नळी आणि मूठ आपापल्या बाजूला टोकं काढून बसली होती, त्यामुळे मी एखादी चिडलेली कोंबडी घेऊन निघालोय असं वाटत असणार. चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, "चावते का?"

"आता सोडतच नाहीये," मी म्हणालो. त्याने काच वर केली.

दवाखान्यात पोचलो तर बाहेरच्या खोलीत दोनचार माणसं बसली होती. समोर गालावर रुमाल दाबून एक आजी बसल्या होत्या. स्वागतिका आम्हाला बघून खुर्चीसकट मागे सरकली. आत यंत्राची घरघर चालू होती, म्हणजे साडू कोणाच्या तरी दाढेत होते. बायको स्वागतिकेशी बोलायला गेली. मी आजींच्या शेजारी बसलो.

"दात का?" आजींनी रुमालामागून विचारलं.

"नाही, बोट."

"बोटाला दातांचा डॉक्टर?"

"घरचाच आहे."

आजींना हे पटलेलं दिसलं. त्यांनी अभ्र्याकडे बघितलं. "आत काय आहे?"

"काही नाही, एक जुनी वस्तू," मी म्हणालो, आणि वस्तू किती किरकोळ आहे हे दाखवायला हात जरा झटकला. इतका वेळ लावलेल्या खोबरेल तेलाने तेव्हा आपलं काम केलं. बोट नाही सुटलं. अभ्रा सुटला.

समोरच्या माणसाने हात वर केले. त्याच्या शेजारच्याने केले. कोपऱ्यातल्या एका बाईंनी पुस्तकासकट वर केले. मी घाईघाईने नळी खाली वळवली तर ती आजींच्या पायाकडे झाली, डावीकडे वळवली तर स्वागतिकेकडे झाली.

"घाबरू नका," मी म्हणालो. "यात गोळीच नाही. गोळीच तर शोधतोय. माप मिळालं की झालं."

आता विचार केला तर वाटतं, हे वाक्य आणखी चांगलं करता आलं असतं.

आजींनी शांतपणे तोंडात हात घातला, कवळी काढली आणि माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवली. "हे बघ बाळा," बोळक्या तोंडाने त्या म्हणाल्या, "यात एक दात सोन्याचा आहे. एवढंच आहे माझ्याकडे. घे आणि घरी जा."

मी कवळी परत द्यायला हात पुढे केला. तो नेमका रिव्हॉल्व्हरचा हात होता. त्यावर कोपऱ्यातल्या बाई दारातून बाहेर गेल्या आणि जिन्यावरून त्यांचा फोनवरचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. दवाखान्याचं नाव, पत्ता आणि माझं वर्णन. वर्णनात 'तेलकट' हा शब्द दोनदा आला.

साडूंनी दार उघडलं. आजींची कवळी, वर झालेले हात, माझी करंगळी असं क्रमाने बघितलं. माझ्या अंदाजाने आयुष्यातला तो त्यांचा सगळ्यात सुखाचा क्षण असावा.

"आत या," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं ना, उद्या पेस्ट आणतो म्हणून."

मी दातांच्या खुर्चीत बसलो. खुर्ची आडवी झाली, डोळ्यांवर दिवा आला. साडू सवयीने म्हणाले, "तोंड उघडा," आणि मीही उघडलं. मग दोघांनाही आठवलं. त्यांनी बोटाच्या मुळाशी सुई टोचली. बोट बधिर होईपर्यंत थांबायचं होतं. रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

"आलाच आहात तर माप घेऊन टाकू," ते म्हणाले आणि गुलाबी पेस्ट कालवून त्यांनी चक्रातल्या शेजारच्या घरात भरली.

"डॉक्टर, आधी बोट सोडवा."

"बोट कुठे जातंय?"

पेस्टला फळाचा वास होता. मुलांना आवडावा म्हणून तसा ठेवतात म्हणे. बोट बधिर, हातावर रिव्हॉल्व्हर, आणि सगळीकडे गोड वास, अशा अवस्थेत मी पडून होतो, तेवढ्यात बाहेर बुटांचे आवाज आले.

इन्स्पेक्टर बाई होत्या. मागे दोन शिपाई. बाई दारात उभ्या राहिल्या आणि अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "शस्त्र खाली ठेवा."

"ठेवता येत नाही, मॅडम."

"का?"

"ते ठेवलं तर मलाही खाली ठेवावं लागेल."

बाई जवळ आल्या. त्यांनी दिवा जरा वळवला आणि नीट बघितलं. साडू पेस्टची वाटी धरून उभे. बायको भिंतीशी. शिपाई एकमेकांकडे बघत होते.

"हे तुमचं आहे?"

"सासऱ्यांचं. त्यांच्या वडिलांचं, सैन्यातलं."

"गोळ्या कुठे आहेत?"

"नाहीत. कुठली लागते तेच माहीत नाही."

"म्हणून बोट घातलंत."

"माप काढायला. तुम्हीच जाहीर केलंय ना, मापावर ठरणार म्हणून."

"आम्ही माप काढायला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "घेऊन या, एवढंच सांगितलं होतं. माप काढायला आमच्याकडे माणूस आहे."

हे वाक्य ऐकून बायकोने डोळे मिटले. साडूंनी वाटी खाली ठेवली. ती पूर्ण सूचना आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती. मी अर्धी वाचली होती, आणि साडूंना आधीच माहीत होतं.

"मग आता हे काढणार कसं?" बाईंनी विचारलं.

आता मात्र साडूंना मानलं पाहिजे. त्यांनी दातांच्या फटीत घालायच्या दोऱ्याची डबी काढली. दोऱ्याचं टोक कसल्याशा बारीक हत्याराने करंगळी आणि लोखंड यांच्या मधून आत सरकवलं, आणि बाहेर राहिलेला दोरा बोटावर चिकटून चिकटून गुंडाळला. सूज दाबली गेली. मग त्याच हत्याराने आतलं टोक पकडून ते हळूहळू उलगडायला लागले. एका शिपायाने मूठ धरली, दुसऱ्याने नळी. बाईंनी माझा खांदा धरला. दोऱ्याचा एकेक वेढा सुटत होता तसतशी करंगळी केसभर, केसभर बाहेर सरकत होती. दारातून आजी, कवळी परत लावून, बघत होत्या.

मग बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.

करंगळी बाहेर आली. जांभळी, सोललेली, पण माझी. मी ती वाकवून बघितली. बधिर असल्यामुळे वाकली की नाही ते बघूनच कळलं. वाकली होती. बायकोने ती आपल्या दोन्ही हातांत धरली आणि सोडलीच नाही. इतका वेळ तिने एकदाही विचारलं नव्हतं की दुखतंय का. आता ती एकेक पेर तपासत होती.

"मूर्ख आहात तुम्ही," ती हळूच म्हणाली. मला ते फार गोड वाटलं.

शेजारच्या घरातून साडूंनी पेस्टचा साचा काढला. गुलाबी, गुळगुळीत, खरोखर हुबेहूब गोळी. वास मात्र चॉकलेटच्या गोळीसारखा. बाईंनी साचा आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही एका पिशवीत घातलं, सासऱ्यांचा पत्ता घेतला आणि गुन्हाबिन्हा काही न लावता गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "निकाल लागेल तेव्हा कळवू. तोपर्यंत कशात काही घालू नका."

पुढचा आठवडा मी कारखान्यात बोटाला पट्टी बांधून बसलो आणि लोकांना दरवाज्यात सापडलं म्हणून सांगितलं. उपकरणं पुसून वापरायला घेतली. ती बरी आहेत.

मग पोलिसांचा निरोप आला. चौकीत बाईंच्या शेजारी त्यांचा तो माप काढणारा माणूस बसला होता, जाड भिंगाचा चष्मा लावून. "साचा सुरेख आहे," तो म्हणाला. "पण मला तो लागला नाही. बघताक्षणी कळलं होतं. या मापाची गोळी आता कोणीच बनवत नाही. ही पुराणवस्तू आहे. घेऊन जा."

मला आनंदाने काही सुचेना. बाईंनी सही करून दाखला दिला. मी रिव्हॉल्व्हर आणि दाखला घेऊन निघालो तो थेट सासुरवाडीला. वाटेत पेढ्यांऐवजी मोठा केक घेतला. बायकोला आणि साडूंनाही बोलावलं. म्हटलं, श्रेय वाटून घेऊ. मन मोठं झालं होतं.

"बाबा," दारातूनच मी म्हणालो, "वाचलं. कायमचं आपलं झालं. आता कोणीही नेऊ शकत नाही."

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे.

"कोणीच?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

सासूबाई केकची सुरी घेऊन येत होत्या, त्या मधेच थांबल्या. त्यांच्यामागे कपाट उघडं होतं. वरच्या कप्प्यात आता लोकरीचे गुंडे लावले होते, रंगवार, अगदी हौसेने.

सासरे बोलायला लागले. इतकं सलग मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"लहानपणी मी वडिलांच्याच खोलीत झोपायचो," ते म्हणाले. "ते रात्री दचकून उठायचे. उठले की आधी हे आहे ना जागेवर ते बघायचे. हातात घेऊन तसेच बसायचे. मी पांघरुणातून बघत राहायचो. त्यांनी लढाईबद्दल मला कधी काही सांगितलं नाही. एवढंच दाखवलं. ते गेल्यावर वाटलं, टाकून द्यावं. पण बापाची वस्तू कशी टाकणार? मग कपाटात ठेवलं आणि आयुष्यभर त्या कपाटाकडे पाठ करून झोपलो. पोलिसांची सूचना वाचली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, आता मी टाकलं असं नाही होणार. सरकारने नेलं, असं होईल."

"अहो पण बाबा," मी म्हणालो, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"दोघे जावई वाचवायला धावलात. किती उत्साहात होता तुम्ही. कसं बोलणार?" ते जरा थांबले. "करवत आणली होती की मी."

साडूंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली.

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं काही चुकलं नाही, जावईबापू. पण ते आता तुम्हीच घेऊन जा हो. मी लोकर परत खाली काढणार नाही."

बायकोने मला जिन्यातच गाठलं. "आपल्या घरात नाही आणायचं," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं ते ऐकल्यावर तर मुळीच नाही." साडूंना विचारलं, तर त्यांना अचानक एका पेशंटची दाढ आठवली. संग्रहालयात फोन केला. तिथल्या बाई फार सौजन्याने म्हणाल्या की अशी त्यांच्याकडे दोन कपाटं भरून आहेत, हवं असेल तर त्यातलं एखादं मला देतील.

शेवटी मी स्कूटर वळवली आणि परत चौकीवर गेलो. इन्स्पेक्टर बाई टेबलाशी बसल्या होत्या. सकाळीच निरोप घेऊन गेलेला माणूस दुपारी पुन्हा दारात बघून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आधी माझ्या उजव्या हाताची बोटं बघितली, मग डाव्या हाताची. सगळी मोकळी होती.

"आता काय अडकलं?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

"मीच, मॅडम."